खटावकर सरांचा सरळसोट वेल

विश्वंभर खटावकर हे यंत्र आहे, असा निकाल सरकारी प्रणालीने दिला तेव्हा खुद्द खटावकर बार्शीतल्या डोईफोडे सुविधा केंद्रात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांना शिंक येऊ घातली होती.

पडद्यावर लाल चौकटीत अक्षरं उमटली : 'अर्जदार मानव नाही. शिल्लक संधी : दोन.'

सर सणसणीत शिंकले. मग नाक पुसून म्हणाले, "हे बघ रत्नमाला, यंत्र शिंकतं का?"

"शिंकेचा रकाना नाही सर यात," रत्नमाला डोईफोडे म्हणाली. केंद्र तिचं होतं. वय एकसष्ट, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर सहानुभूती. सहानुभूतीच्या खाली आणखीही काही होतं, पण ते तिने ओठ दाबून धरलं होतं. कारण चाळीस वर्षांपूर्वी ती सरांच्याच टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होती, आणि 'डोईफोडे, तुझ्या हाताला ताल नाही' हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून रोज सकाळी आठ ते नऊ ऐकलेलं होतं.

"अगं, पण तू बघते आहेस ना मला? समोर बसलोय मी."

"मी बघतेय. पण मी बघितलं याला पुरावा काय?"

सन २०३९मध्ये या प्रश्नाला उत्तर नव्हतं. फोटो, आवाज, सही, बोटांचे ठसे, चालताबोलता चेहरा, सगळं यंत्रं हुबेहूब बनवू लागली होती. एका जिल्ह्यात तर म्हणे चारशे माणसं अशी निघाली होती, की जी कधी जन्मलीच नव्हती आणि तरी दर महिन्याला तक्रारी करत होती. सरकारला माणूस ओळखायची एखादी साधी खूण हवी होती. ती मिळाली नाशिकच्या एका कॉलेजातल्या मुलीच्या प्रयोगवहीत.

तिने केला होता अगदी प्राथमिक चित्रांचा प्रोग्राम. पडद्यावर एक टिंब, आणि कीबोर्डवरच्या बाणांनी ते हलवायचं, एवढाच. पण तिचं टिंब नीट चालेना. की दाबून धरली की ते एकदा सरकायचं, दचकल्यासारखं थांबायचं आणि मग सुसाट सुटायचं. कारण कीबोर्डची सवयच तशी. दाबून धरलेली की तो आधी एकदा कळवतो, जरा वाट बघतो, आणि मग तेच तेच भराभर कळवत सुटतो. मुलीने ती पुन्हापुन्हाची बडबड ऐकायचीच नाही असं ठरवलं. की दाबली गेली तो क्षण आणि की सुटली तो क्षण, या दोनच गोष्टी तिने सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपायला सुरुवात केली. टिंब गुळगुळीत चालू लागलं. सहज गंमत म्हणून तिने त्या नोंदींचंच चित्र काढलं. की जितका वेळ दाबलेली, तितकी फांदी जाड. दोन कींमधली उसंत जितकी मोठी, तितकं पान लांब. चुकून खोडलं, तर तिथे काटा. कुणी काहीही टाइप केलं की पडद्यावर एक वेल उगवायचा, आणि मैत्रिणींचे वेल तिला नाव न वाचता ओळखू येऊ लागले.

यंत्राला हा वेल जमेना. माणसाचा हात घड्याळासारखा एकसारखा चालत नाही, पण फाशासारखा वाटेल तसाही पडत नाही. एक चूक झाली की पुढची चार-पाच अक्षरं बिचकत येतात, मग हात सावरतो, मग जरा जास्तच जोरात सुटतो. प्रत्येक उसंतीला आधीच्या उसंतीची आठवण असते. यंत्राने एकसारखं टाइप केलं तर वेलाची काठी व्हायची, आणि मुद्दाम वेडंवाकडं केलं तर झुडूप. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने दर नोव्हेंबरात करायच्या 'हयात नोंदी'ला त्या वर्षापासून हा वेल सक्तीचा झाला. कोणत्याही विषयावर दोनशे शब्द टाइप करायचे, इतकंच.

खटावकर सरांनी दोनशे शब्द टाइप केले होते. एकही चूक नाही. प्रत्येक की सारखाच वेळ दाबलेली, प्रत्येक उसंत आधीच्या उसंतीची सख्खी जुळी बहीण. तीस वर्षं त्यांनी टेबलावर टिकटिकणारा लोलक ठेवून मुलांना हेच शिकवलं होतं आणि स्वतः त्या लोलकालाही लाजवलं होतं. पडद्यावर वेल उगवला तो बांबूसारखा सरळसोट. पानं दोन्ही बाजूंना समसमान, कंगव्याच्या दातांसारखी.

"काय सुंदर आलाय," सर नकळत म्हणाले.

"म्हणूनच नापास झालात," रत्नमाला म्हणाली. 'नापास' हा शब्द तिने जरा सावकाश उच्चारला.

घरी इंदुमतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही."

सर चिडले. चिडल्यावर ते तक्रारअर्ज लिहीत. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं, त्याबद्दल त्यांनी पाणीपुरवठ्याला खरमरीत अर्ज टाइप करून धाडला. एरवी उत्तराला सहा आठवडे लागत. या वेळी दोन मिनिटांत आलं : 'प्रिय सहकारी यंत्रास, आपली सूचना मिळाली. झडप उघडली आहे.' आणि मोरीतल्या नळाने घशातून आवाज काढून पाणी सोडलं.

झालं होतं असं, की सरांचा वेल यंत्राचा ठरल्यामुळे त्यांचे अर्ज माणसांच्या रांगेत न जाता यंत्रांच्या रांगेत जात होते, आणि यंत्रं एकमेकांची कामं ताबडतोब करत. त्यांच्यात चहापाणी नसतं, रजा नसते, 'साहेब फिरतीवर आहेत' नसतं.

ही बातमी शेजारच्या नलावड्यांनी गल्लीभर केली. दुसऱ्या दिवसापासून सरांच्या ओसरीवर माणसं. कुणाच्या दाखल्यावरचं नाव चुकलेलं, कुणाच्या दारातला दिवा बंद, कुणाचा मीटर उलटा फिरणारा. सर टाइप करत आणि कामं होत. वीस वर्षांपूर्वी इन्स्टिट्यूटला कुलूप लावल्यापासून इतकी माणसं त्यांच्या दारात आली नव्हती. ते पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालू लागले.

"तुम्ही माणूस होणार आहात की नाही?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"होतो गं. घाई काय आहे?"

तरी बारा तारखेला ते दुसऱ्या संधीसाठी गेले. तयारी चोख होती. यंत्र चुकत नाही म्हणून आपण नापास झालो, तर चुका करायच्या. त्यांनी वहीत तक्ताच आखला होता. दर सातव्या अक्षराला चूक, दर विसाव्याला अर्धा सेकंद विश्रांती. तो तक्ता त्यांनी बिनचूक पाळला.

पडद्यावर जिन्याच्या कठड्यासारखं काहीतरी उभं राहिलं. ठरावीक अंतरावर एकेक काटा. खाली अक्षरं : 'यंत्राने केलेली माणसाची नक्कल. दर्जा : सुमार. शिल्लक संधी : एक.'

"सुमार?" सर खुर्चीतून उठलेच.

"बसा की सर," रत्नमाला म्हणाली. "माझ्याकडं या उद्यापासून. मी शिकवते."

"तू? मला टायपिंग शिकवणार?"

"टायपिंग नाही. ते तुम्हाला येतंय, हाच तर घोळ आहे."

सर वही काखेत मारून निघून आले. रत्नमाला दोन बोटांनी टाइप करायची, कीबोर्डकडे बघत, मधूनच कीला शिव्या देत. तिचा वेल सगळ्या तालुक्यात नावाजलेला होता. केंद्रात फ्रेम करून लावला होता, आणि लोक त्याला जाई समजत.

वीस नोव्हेंबरला सकाळी इंदुमतीबाईंच्या फोनवर संदेश आला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. "'श्रीमती इंदुमती विश्वंभर खटावकर, आपल्या पतींची हयात नोंद दोनदा अमान्य झाली आहे. तीस तारखेपर्यंत मान्य न झाल्यास त्यांचे नाव हयात यादीतून वगळले जाईल. सोयीसाठी आपले नाव संभाव्य विधवांच्या यादीत घेतले आहे. आपल्या संभाव्य दुःखात आम्ही सहभागी आहोत.'"

ओसरीवर तीन माणसं अर्ज घेऊन बसली होती. तिघेही उठून चपला शोधू लागले.

"अगं, तांत्रिक भाषा आहे ती," सर म्हणाले.

"संभाव्य विधवा!" इंदुमतीबाईंचा आवाज चढला. "समोर बसून दोन वाट्या आमटी ओरपतोय हा माणूस, आणि मी संभाव्य विधवा! मंगळागौरीला मला बोलावणार कोण? संभाव्य बोलावणार? तुम्हाला लोकांची मीटरं सरळ करायची आहेत. आधी माझं कुंकू सरळ करा."

त्याच दिवशी अकरा वाजता सर डोईफोडे सुविधा केंद्रात विद्यार्थी म्हणून हजर झाले.

रत्नमालाने काय काय केलं नाही! त्यांना चुरमुरे खात टाइप करायला लावलं. फोन कानाला लावून, रेडिओ लावून, एक डोळा झाकून. टाइप करताना मध्येच विचारलं, "सर, गॅस बंद केला होता का?" सर उत्तर देत, चुरमुरे चावत, आणि हात आपले लोलकासारखे चालतच राहत. सराव-पडद्यावर बांबूमागून बांबू. पाचव्या दिवशी तिने त्यांची खुर्ची हलवली. बांबू फक्त तिरका आला.

"हात वेगळे आणि डोकं वेगळं झालंय तुमचं," ती वैतागून म्हणाली. मग थोडा वेळ कपाळावरचा चष्मा चाचपत बसली. "सर, तुम्ही काय टाइप करताय हे?"

"जुना परीक्षेचा उतारा. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.'"

"बदला तो. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्याचं लिहिलेलं टाइप केलं. आता स्वतःचं लिहा."

सरांनी कोरा पडदा उघडला. बराच वेळ त्याकडे पाहिलं. मग टाइप केलं : 'मी, खाली सही करणार, विश्वंभर नारायण खटावकर, वय वर्षे बहात्तर, सविनय सादर करतो की…' बांबू.

"हा अर्ज झाला," रत्नमाला म्हणाली आणि चहा आणायला गेली.

चहा घेऊन आली तेव्हा ती सहज बोलत होती, कपात बघत. "मी तुमच्याकडं दोनदा नापास झाले ना, तिसऱ्या वेळेला स्पीड आला होता सर मला. मिनिटाला एकतीस शब्द, पास व्हायला तीस लागायचे. आठवतंय? वर्गातल्या टेस्टला. आमच्या वडलांनी, बापूंनी, पंचायत समितीत नोकरीसाठी शब्द टाकून ठेवला होता, सर्टिफिकेट आणलं की घेतो म्हणाले होते. आणि नेमकं हॉल तिकीटच आलं नाही माझं. तुम्ही फॉर्म भरला होता ना? वरतीच कुठंतरी गहाळ झाला असणार. जाऊ दे. नशिबात नव्हतं. साखर बरोबर आहे ना?"

"आहे," सर म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी सराव लवकर संपवला. पुढचे पाच दिवस ते आलेच नाहीत. ओसरीवर आलेल्या नलावड्यांना त्यांनी परत पाठवलं. इंदुमतीबाईंनी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाले, "बोटं दुखतात." सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी तेल गरम करून आणलं.

तीस तारखेला साडेचार वाजता इंदुमतीबाईंनी त्यांना अक्षरशः हाताला धरून केंद्रात आणलं आणि स्वतः बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. सहा वाजता प्रणाली बंद होणार होती.

"शेवटची संधी, सर," रत्नमाला म्हणाली. "निवांत लिहा. मी तिकडं जाते, बघत नाही."

सर बसले. दोन्ही हात नेहमीच्या जागी ठेवले. मग उचलले, पुन्हा ठेवले.

'रत्नमाला,' त्यांनी टाइप केलं. खोडलं. 'डोईफोडे' टाइप केलं. तेही खोडलं. पुन्हा 'रत्नमाला'.

'तुझा फॉर्म गहाळ झाला नव्हता. मी तो पाठवलाच नाही. त्या वर्षी संस्थेचा निकाल सलग दहाव्या वर्षी शंभर टक्के लागणार होता. पेपरात फोटो येणार होता. तू वर्गातल्या टेस्टला दोनदा नापास झालेली. तुला एकतीस स्पीड आला हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, परीक्षेत घाबरशील. असं मला वाटलं नाही. मला वाटलं, न घाबरलीस तरी धोका कशाला. फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात होता. फोटो आला पेपरात. मी तो…'

इथे त्यांचा हात थांबला. बाकावर इंदुमतीबाई घड्याळ बघत होत्या. सरांच्या उजव्या हाताची करंगळी भलत्याच कीवर पडली, ते खोडायला गेले तर चांगले दोन शब्द खोडले गेले. ते आता कीबोर्डकडे बघून टाइप करत होते. घामाने की निसटत होत्या. कुठे 'मला' दोनदा आलं, कुठे 'क्षमा'चा 'क्ष' सापडेना, तेव्हा ते एका बोटाने शोधत बसले, ज्यांनी तीन हजार मुलांना डोळे बांधून 'क्ष' शोधायला लावला होता ते.

पावणेसहाला दोनशे शब्द झाले. पडद्यावर वेल उगवायला लागला आणि थांबेचना. फांद्या गुरफटल्या, काटेच काटे, मध्येच केळीच्या पानाएवढं एक पान, पुन्हा काटे. डोईफोडे केंद्रातली जाई त्यापुढे लाजावी असं रान माजलं.

रत्नमाला धावत आली. "बाई गं! सर, काय लिहिलंत काय हे?"

"पाठव," सर म्हणाले. "वाचू नकोस."

"वाचावं लागतंय. लोक प्रणालीला शिव्या लिहितात, म्हणून केंद्रचालकाने वाचून 'शिवीगाळ नाही' असं नोंदवल्याशिवाय जातच नाही ते."

तिने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि वाचायला लागली. ती वाचनातही दोन बोटांच्याच वेगाची होती. इंदुमतीबाई उठून जवळ आल्या, पण सरांच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच थांबल्या. भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी, मग आठ कमी. रत्नमाला एकदा शेवटपर्यंत जाऊन पुन्हा वर आली. तिचं बोट कीवर टेकलेलं होतं, दाबलेलं नव्हतं. सर त्या बोटाकडे बघत होते.

सहाला चार मिनिटं कमी असताना ती म्हणाली, "शिवीगाळ नाही." आणि की दाबली.

हिरवी चौकट आली : 'अर्जदार मानव आहे. दर्जा : उत्तम.'

"जा आता घरी," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मला शटर ओढायचंय."

वाटेत इंदुमतीबाईंनी विचारलं आणि सरांनी सगळं सांगितलं. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "तो पेपरातला फोटो मी फ्रेम करून घेतला होता." घरी गेल्यावर त्यांनी तो काढून माळ्यावर टाकला.

संभाव्य विधवांच्या यादीतून त्यांचं नाव दुसऱ्याच दिवशी निघालं, 'गैरसोयीबद्दल दिलगीर' म्हणून. सरांचे अर्जही आता माणसांच्या रांगेत जाऊ लागले. नलावडे हळहळले. "सर, चार दिवस थांबला असता तर माझा मीटर झाला असता." नळाचं पाणी पुन्हा गेलं. सरांनी तक्रार केली, पोच आली, उत्तर नाही.

रत्नमालाकडून काहीच आलं नाही. सर दोनदा केंद्राच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

पाचव्या दिवशी सकाळी दारात स्कूटर थांबली. रत्नमालाने हेल्मेटही काढलं नाही.

"सर, बसा मागं. आईकडं जायचंय."

"आईकडे? कशाला?"

"बापू तर गेले, 'पोरीच्या हाताला ताल नाही' म्हणतच गेले. आई आहे अजून, ब्याऐंशीची. तिला जे मला लिहिलंत ते सांगायचं. तोंडानं. टाइप करून नाही."

सर चपला घालून मागे बसले. इंदुमतीबाईंनी आतून एक शाल आणून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि रत्नमालाच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

आई गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत, तळमजल्यावर राहत होती. लहानखुरी, खणखणीत, पण कानाने अधू. दारात बसून शेंगा फोडत होती.

"आई, हे खटावकर सर," रत्नमाला तिच्या कानाशी ओरडली. "टायपिंगचे!"

"अगंबाई, मास्तर!" तिने पदर सावरला. "बसा. पोरीनं लई त्रास दिला तुम्हाला त्या वेळी."

सर बसले नाहीत. उभ्याउभ्याच, वर्गात उभं केलेल्या मुलासारखे हात बाजूला धरून म्हणाले, "बाई, त्रास तिने दिला नाही. मी दिला. तिचा हात तयार होता. परीक्षेला बसली असती तर ती पास झाली असती. तिचा फॉर्म मीच…"

"कोण पास झाली?" आईने शेंगा सोडल्या.

"नाही, म्हणजे, झाली असती. मीच तिला…"

"रत्नी पास झाली?" म्हातारी उठली. भिंतीला धरून उभी राहिली आणि सरांकडे, मग मुलीकडे, मग पुन्हा सरांकडे बघू लागली. "टायपिंगची?"

सरांनी घसा खाकरला. "बाई, नीट ऐका. तसं नाही. माझी चूक…"

"राहू द्या, सर," रत्नमाला हळूच म्हणाली. ती हेल्मेटच्या काचेआड होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

"पण हे बरोबर नाही. मी अजून सांगितलंच नाही…"

"मी ऐकलं ना. राहू द्या."

म्हातारी तोवर उंबऱ्यापर्यंत पोचली होती. समोरच्या दारात एक बाई कपडे वाळत घालत होती, तिला हाक मारून ती म्हणाली, "अगं, आमची रत्नी पास झाली! मास्तर स्वतः सांगायला आलेत!"

"कधी दिली होती परीक्षा, मावशी?" शेजारीण जवळ येऊन मोठ्याने म्हणाली.

"चाळीस वर्षं झाली की!"

"आणि निकाल आत्ता?"

"सरकारी काम ते," म्हातारी म्हणाली. "उशीर व्हायचाच." आणि मूठभर फोडलेले दाणे सरांच्या हातात ठेवत म्हणाली, "गूळ आणते. तोंड गोड केल्याशिवाय जायचं नाही, मास्तर."